प्रश्न वाचकांचे : हलती अक्षरे, हलती चित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

गेल्या अंकात या सदरात मोशन डिझाइनविषयी, म्हणजे अक्षरे, आकृत्या आणि चित्रे यांना गती देऊन आशय पोहोचवण्याच्या कलेविषयी, आणि त्या कामात आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि सदराच्या शिरस्त्याप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

आदरणीय ताई, मी अॅनिमेशनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला अजूनही चेंडू उसळवणे, लंबक झुलवणे असले सराव कीफ्रेम लावून, म्हणजे हालचालीतील मुख्य क्षण हाताने ठरवून, करावे लागतात. माझा एक मित्र चार ओळींचे वर्णन लिहितो आणि त्याला दहा सेकंदांचे तयार दृश्य मिळते. लोक त्याचीच वाहवा करतात. मग मी ग्राफ एडिटरमध्ये रात्री का घालवाव्यात?
— एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

तुमचा वैताग मला समजतो, कारण रात्री उशिरापर्यंत ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचा वेग दाखवणारी एकच वक्ररेषा पुन्हा पुन्हा ओढत बसणारे विद्यार्थी मी अनेक वर्षे जवळून पाहत आले आहे. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे : हा सराव सोडू नका. कारण सांगण्याआधी एक प्रयोग सुचवते. घरात संत्री असतील तर त्यांतले एक घ्या, पाऊण मीटर उंचीच्या टेबलाच्या कडेवरून ते अलगद सोडा आणि मोबाइल बाजूला स्थिर ठेवून त्याचे चित्रीकरण करा. संत्र्याला जमिनीपर्यंत पोहोचायला साधारण ०.३९ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) धरल्या तर जवळजवळ १० फ्रेम. त्यांपैकी पहिल्या ५ फ्रेममध्ये ते जेमतेम २० सेंटिमीटर खाली येते आणि उरलेल्या ५ फ्रेममध्ये ५५ सेंटिमीटर अंतर कापते. जमिनीवर आपटल्यावर ते रबरी चेंडूसारखे उसळत नाही. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे आघाताचा बराचसा जोर सालीतच जिरतो. फळ बोटभर उडते, देठाच्या बाजूला कलते, अडखळत थोडे घरंगळते आणि थांबण्याआधी एकदा मागे येते. हे सगळे दोन सेकंदांच्या आत घडते आणि फ्रेमागणिक पाहिल्याशिवाय त्यातले निम्मेही लक्षात येत नाही.

आता हेच दृश्य मित्राच्या साधनाकडून मागून पाहा. संत्रे देखणे असेल, सालीवरचा प्रकाश कदाचित तुमच्या चित्रापेक्षा सरस असेल, पण ते नेमके कसे पडले ते फ्रेम पुढे सरकवत तपासा. ही साधने असंख्य चित्रफितींवरून शिकलेली असतात आणि नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करून पायरीपायरीने चित्र स्वच्छ करत नेतात. जड वस्तू चित्रफितीत साधारणतः कशी दिसते हे त्यांनी पाहिलेले असते. मात्र वस्तू हातात धरून तिचे वजन त्यांना कधी जाणवलेले नसते. त्यामुळे मिळणारी हालचाल सरासरीची असते. कधी ती चपखल बसते, कधी वस्तू पाण्यातून उतरल्यासारखी दिसते, आणि यांतले काय चूक हे ओळखायला पडते संत्रे पाहिलेला डोळा लागतो. तुमचे सराव तो डोळा घडवतात.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. निसर्गात संत्रे एकाच पद्धतीने पडत असले, तरी पडद्यावर ते कसे पडावे हे आपण ठरवायचे असते. रसाच्या जाहिरातीत ते थोडे हलके, चपळ पडलेले चालेल. आंबिया बहाराच्या फळगळीवर माहितीपट करत असाल, तर तेच संत्रे जड पडले पाहिजे, आणि पडल्यावर निदान दीड सेकंद पडद्यावर काहीही हलता कामा नये, कारण बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या फळाकडे पाहायला तेवढा वेळ लागतो. हा दीड सेकंद कोणत्याही साधनात तयार मिळत नाही. तो तुम्हाला सुचावा लागतो, आणि काटोलच्या किंवा वरुडच्या एखाद्या बागेत जाऊन आल्यावर तो अधिक चांगला सुचतो.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मी वर्गात नेहमी देते. १९१२ साली, पहिला चित्रपट करण्यापूर्वी, भांडवल देणाऱ्यांना या नव्या माध्यमाची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत चित्रित केली. कॅमेरा हे त्या काळचे नवलाचे यंत्र होते आणि चित्र यंत्रानेच उतरवले. परंतु रोप निवडणे, दोन फ्रेममधील अंतर ठरवणे आणि आठवडे आठवडे ते पाळणे हे फाळक्यांचे काम होते. साधन नवे असले म्हणून त्यांची सर्जनशीलता उणावली नाही, आणि केवळ कॅमेरा हाती आला म्हणून ती आलीही नव्हती.

तेव्हा साधनापासून दूर राहू नका, पण क्रम पाळा. आठवड्याला एक सराव आधी हाताने पूर्ण करा, मग त्याच विषयाचे दृश्य साधनाकडून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. काही वेळा साधनाचे दृश्य तुम्हाला न सुचलेले काहीतरी दाखवेल; ते नि:संकोच उचला आणि आपल्या हाताने पुन्हा करा.

नमस्कार. मी धरमपेठेत दोन सहकाऱ्यांसह लहानसा स्टुडिओ चालवते. अलीकडे ग्राहक स्वतःच एआयने काढलेली चित्रफीत घेऊन येतात आणि म्हणतात, “सगळं तयारच आहे, फक्त थोडं नीट करून द्या.” पैसेही त्याच हिशेबाने देऊ करतात. नाही म्हटले तर काम जाते, हो म्हटले तर आठवडा जातो. काय करावे?
— एक व्यावसायिक, धरमपेठ, नागपूर

“थोडं नीट करून द्या” या शब्दांमागे किती काम दडलेले असते हे ग्राहकाला माहीत नसते, आणि ते शांतपणे समजावून सांगणे हा आता आपल्या व्यवसायाचाच भाग झाला आहे, असे मी मानते. त्याला सांगण्याची मुख्य गोष्ट लेयरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या सुट्या थरांची आहे. आपण आफ्टर इफेक्ट्स या मोशन डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभारलेल्या कामात पार्श्वभूमी, वस्तू, सावली, अक्षरे, चिन्ह हे सगळे वेगवेगळ्या लेयरवर असते. चिन्ह डावीकडे सरकवा असे सांगितले तर पाच मिनिटांत ते सरकते. साधनाने दिलेली चित्रफीत म्हणजे सपाट चित्रांची चळत असते. तिच्यात साडीचा रंग तेवढा बदला म्हटले की ती साडी प्रत्येक फ्रेममधून कापून वेगळी करावी लागते. दहा सेकंदांच्या दृश्यात २५० फ्रेम असतात, हा आकडा ग्राहकासमोर मोठ्याने उच्चारा. वर्णन बदलून दृश्य पुन्हा काढले तर साडीबरोबर चेहरा, खोली आणि उजेडही बदलण्याची शक्यता असते.

रोटोस्कोपिंगचे, म्हणजे फ्रेमागणिक बाह्यरेषा काढण्याचे तंत्र जुने आहे. मॅक्स फ्लायशर यांना अमेरिकेत त्याचे पेटंट १९१७ साली मिळाले. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१० साली ही बाह्यरेषा बरीचशी आपोआप काढणारा रोटो ब्रश आला, त्यानंतर तो बराच सुधारला आणि आज २५० फ्रेमची ढोबळ बाह्यरेषा काही मिनिटांत मिळते. हे मी मनापासून स्वागतार्ह मानते. त्या कामात आमच्या पिढीचे डोळे शिणले आहेत आणि त्यात सर्जनशील असे फारसे काही नव्हते. तरीही मोकळे केस, पारदर्शक पदर आणि वेगाने हलणारी बोटे इथे हाताने दुरुस्ती करावीच लागते. कोटेशनमध्ये हा भाग वेगळा दाखवा.

माझ्या मते ग्राहकाची चित्रफीत कच्चा माल म्हणून न स्वीकारता रेफरन्स म्हणून स्वीकारावी. त्याला विचारा की यात तुम्हाला नेमके काय आवडले : रंग, वेग, की कॅमेऱ्याची फेरी? पूर्वी हेच समजून घ्यायला तीन बैठका लागत असत; आता तो स्वतः चित्र घेऊन येतो, हा खरे तर फायदा आहे. त्यावरून दोन स्टाइल फ्रेम (अंतिम रूप दाखवणारी स्थिर चित्रे) आणि एक अॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची वेळेनुसार लावलेली कच्ची चित्रफीत) तयार करा, ते मंजूर करून घ्या आणि मगच अंतिम काम सुरू करा. कोटेशन सेकंदांवर देऊ नका. कल्पना आणि स्टोरीबोर्ड, स्टाइल फ्रेम, अॅनिमेशन, ध्वनी आणि करेक्शनच्या किती फेऱ्या, असे भाग पाडा. एआयमुळे वाचलेल्या वेळाचा लाभ ग्राहकाला जरूर द्या. मात्र तुमच्या निर्णयशक्तीचे मोल त्यातून वजा होऊ देऊ नका. स्वतः साधन वापरले असेल तर तेही कोटेशनमध्ये लिहा, लपवू नका.

तयार दृश्यावर विसंबल्यामुळे माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगते. एका दुकानासाठी पोळ्याच्या शुभेच्छांची चित्रफीत करताना वेळ कमी होता, म्हणून सजवलेल्या बैलजोडीचे दृश्य मी एआय साधनातून काढले. झूल, बाशिंग, गळ्यातील घुंगरमाळ, सगळे सुरेख होते. चित्रफीत प्रसारित झाल्यावर काटोलकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला की हा बैल चालत नाही आहे. मी पुन्हा फ्रेम फ्रेम पाहिले. चालताना बैल मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा या क्रमाने पाय उचलतो. माझ्या दृश्यात तिसऱ्या पावलाला मागचे दोन्ही पाय एकमेकांत मिसळून त्यांची अदलाबदल झाली होती. ज्या माणसाच्या सणाच्या शुभेच्छा मी देत होते त्यालाच ती चूक पहिल्या नजरेत दिसली, आणि माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाला दिसली नव्हती. तेव्हापासून साधनातून आलेले कोणतेही दृश्य त्या विषयातील जाणकाराला दाखवल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही, आणि त्यासाठी वेळापत्रकात एक दिवस राखून ठेवते.

माझा इतवारीत छपाईचा व्यवसाय आहे. आता लग्नपत्रिका आणि सणांच्या शुभेच्छा चित्रफितीच्या रूपातही मागितल्या जातात. एआयमध्ये मराठी मजकूर दिला की अक्षरे मोडतात, काना वेलांटी कुठेही जाते. यावर काही उपाय आहे का?
— एक मुद्रक, इतवारी, नागपूर

आहे, आणि तो सोपा आहे : मजकूर एआयकडून काढूच नका. पार्श्वभूमी, फुले, तोरण, प्रकाश यांसाठी साधन वापरा, परंतु अक्षरे नेहमी फाँटमधून, स्वतः टंकलिखित करून बसवा. ही साधने अक्षराला चित्र समजतात. रोमन लिपीची अक्षरे सुटी असतात आणि त्यांच्या शिकवणीतही ती मुबलक असतात, म्हणून तिथे आता बऱ्यापैकी शुद्ध शब्द मिळतात. देवनागरीत शिरोरेघ, मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे आकारांची संख्या खूप वाढते, आणि साधन त्यांतून अक्षरासारखे दिसणारे पण वाचता न येणारे काहीतरी रचते. निमंत्रणपत्रिकेत वधूचे नाव चुकणे म्हणजे काय, हे मुद्रकाला मी सांगायला नको.

तुम्ही छपाईतले आहात, म्हणून थोडे खोलात जाते. ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी येते. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये एकेक कॅरेक्टर, म्हणजे व्यंजन आणि मात्रा सुटे सुटे, उमटवणारा तयार परिणाम ‘विवाह’ या शब्दाला लावला की आधी ‘व’ दिसतो आणि मग त्याच्या मागे वेलांटी उडी मारते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार आणि आडवा र यांतला फरक न सांभाळणारा फाँट अर्थच बदलतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि पुष्कळ फाँट मूळ रूपात हिंदी वळण दाखवतात. हे बारकावे ज्यांनी संगणकावर आणण्यासाठी आयुष्य वेचले त्यांत र. कृ. जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते; विंडोजमधील मंगल हा फाँट त्यांच्याच हातचा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत आणि पडद्यावर चांगले वाचले जातात.

आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधील टाइप या भागात जाऊन दक्षिण आशियाई लिपींसाठीचे टेक्स्ट इंजिन निवडा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. त्यानंतर अक्षरांना गती देताना कॅरेक्टर हे एकक न धरता पूर्ण अक्षर धरा, म्हणजे ‘वि’, ‘वा’, ‘ह’ अशा तीन तुकड्यांना वेगवेगळी गती द्या. सगळ्यात सुंदर परिणाम मात्र हस्ताक्षराकडून शिकावा असे मला वाटते. आपण हाताने लिहितो तेव्हा पुष्कळदा शब्दातील सगळी अक्षरे आधी लिहून होतात आणि मग डावीकडून उजवीकडे एका ओढीत शिरोरेघ येते. पडद्यावरही शिरोरेघ वेगळ्या लेयरवर घ्या, अक्षरे एकामागून एक खालून वर येऊ द्या, शेवटचे अक्षर स्थिरावल्यावर ८ ते १० फ्रेम थांबा आणि मग रेघ ओढा. रेघेला सुरुवातीला वेग द्या आणि शेवटी ती मंदावू द्या. शब्द पूर्ण झाल्याचे समाधान त्या एका रेघेतून मिळते, आणि हे वर्णन कोणत्याही साधनाला लिहून दिले तरी ते आज तरी नीट पार पाडू शकत नाही.

कोणते सॉफ्टवेअर आणि कोणत्या एआय साधनाचे सदस्यत्व घ्यावे? बजेट फार नाही.
— एक वाचक, वाडी

पहिले वर्ष सदस्यत्वावर पैसे घालवू नका. ब्लेंडर पूर्णपणे विनामूल्य आहे आणि त्यात द्विमितीय रेखाटनही करता येते. लाटव्हियातील एका लहान चमूने ब्लेंडरमध्ये केलेल्या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आहे. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे. एआय साधने इतक्या झपाट्याने बदलत आहेत की वर्षभराचे पैसे एकदम भरणे शहाणपणाचे नाही. काम हाती आले की महिन्यापुरते घ्या आणि घेण्याआधी त्याच्या अटींत व्यावसायिक वापराला परवानगी आहे का ते वाचा. उरलेल्या पैशांतून संगणकाची रॅम वाढवा.

मारबत या नागपूरच्या, मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या उत्सवावर मी एक लहान अॅनिमेशन केले. रेखाटने माझी होती, रंग आणि पार्श्वभूमीसाठी एआय वापरले. समाजमाध्यमावरील दुसऱ्याच एका पानाने ती चित्रफीत स्वतःची म्हणून प्रसारित केली. माझा त्यावर हक्क आहे का? तसेच एखाद्या चित्रकाराचे नाव लिहून त्याच्या शैलीत चित्र काढणे योग्य आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत ती कृती जिच्यामुळे निर्माण झाली ती व्यक्ती कर्ता मानली जाईल. ही तरतूद आजच्या साधनांच्या फार पूर्वीची आहे, आणि केवळ एक ओळ लिहून देणारी व्यक्ती तिच्यात बसते का यावर कायदेतज्ज्ञांत वाद आहे. अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, पण एआयने काढलेल्या चित्रांना नाकारले. तुमची बाजू त्यापेक्षा भक्कम आहे, कारण रेखाटने तुमची आहेत, आणि ती तुमचीच आहेत हे दाखवता आले पाहिजे. कागदावरची रेखाटने तारखेसह जपून ठेवा, प्रोजेक्ट फाइलच्या टप्प्याटप्प्याच्या प्रती ठेवा, साधनाला दिलेले वर्णनही जतन करा. ज्या समाजमाध्यमावर ती चित्रफीत दिसली तिथे कॉपीराइट उल्लंघनाची तक्रार नोंदवताना हाच पुरावा उपयोगी पडतो. प्रकरण पैशांपर्यंत गेले तर वकिलाचा सल्ला घ्या.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. हयात चित्रकाराचे नाव लिहून त्याच्या शैलीत चित्र काढणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या मेहनतीचा त्याला न विचारता केलेला वापर आहे. कायदा काय म्हणतो त्याची वाट न पाहता आपण तो टाळावा.

आणि मारबतीवर काम करताना तर त्याची गरजही नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते आहे. बांबू, कागद आणि रंग यांतून ती उभी करणाऱ्या कारागिरांची स्वतःची शैली डोळ्यांसमोर आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीत उभे राहून एक गोष्ट पाहा : गर्दी पुढे सरकते तेव्हा मारबतीचे धड लगेच हलते आणि डोके व हात क्षणभर मागे राहून मग येतात. अॅनिमेशनमध्ये याला ओव्हरलॅप म्हणतात. धडाच्या कीफ्रेम लावून झाल्यावर डोक्याच्या कीफ्रेम ३ ते ४ फ्रेम आणि हातांच्या ५ ते ६ फ्रेम पुढे सरकवा. “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” हा घोष ज्या लयीत उठतो त्या लयीवर तो झोका बसवा. तुमच्या चित्रफितीत हे असेल, तर ती कोणाच्या हातची आहे हे नागपूरच्या माणसाला ओळखू येईल.

माझे आजोबा हातमागावर करवत काठीच्या साड्या विणत असत. आता ते नाहीत आणि त्यांचा मागही नाही. त्यांच्यावर दोन मिनिटांची फिल्म करायची आहे, पण हाती फक्त चार कृष्णधवल छायाचित्रे आहेत. एआयने छायाचित्र जिवंत करता येते असे ऐकले. आजोबा माग चालवताना दाखवावेत का?
— एक वाचक, गोळीबार चौक, नागपूर

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. आजोबांना पुन्हा हालचाल करताना पाहावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ते तुमच्या घरापुरते, स्वतःसाठी केले तर त्यात मला काही वावगे दिसत नाही. परंतु लोकांना दाखवण्याच्या फिल्ममध्ये ते करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कारण करवत काठीतच आहे. या साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ छापलेला किंवा नंतर जोडलेला नसतो. अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी दोन अशा आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी तो विणतानाच अंगाशी गुंफला जातो. म्हणजे तुमच्या आजोबांचे हात प्रत्येक ओळीत तीन धोटे सांभाळत होते. एआय साधनाला हातमागावरचा माणूस दाखव म्हटले तर ते बहुधा एक धोटा इकडून तिकडे फिरवणारा कोणीतरी विणकर दाखवेल. चेहरा आजोबांचा असेल आणि हात मात्र असे असतील की ज्यांनी करवत काठी कधी विणली नाही. ज्या कौशल्यासाठी तुम्ही फिल्म करत आहात तेच तिच्यातून नाहीसे होईल, आणि पाहणाऱ्याला कळणारही नाही.

त्याऐवजी असे करता येईल. चारही छायाचित्रे उत्तम दर्जाने स्कॅन करून घ्या आणि मूळ स्कॅन वेगळा ठेवा. ओरखडे आणि डाग काढायला एआय साधन जरूर वापरा, पण दुरुस्त केलेले चित्र मुळाशेजारी ठेवून डोळे, ओठ आणि बोटे ताडून पाहा. स्पष्टता वाढवताना ही साधने नसलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतात आणि माणूस किंचित दुसराच दिसू लागतो. मग छायाचित्रातील आजोबा, माग आणि मागची भिंत असे तीन थर वेगळे करा. आजोबांच्या मागे रिकामी राहणारी जागा भरण्यासाठी साधनाची मदत घ्या. भिंत थोडी काल्पनिक असली तरी बिघडत नाही. या तीन थरांतून कॅमेरा अगदी संथ फिरवला, १० सेकंदांत दोन बोटांएवढा, तर आजोबा न हलताही खोली जिवंत वाटते.

विणकामाची गती कागदाच्या कटआउटने दाखवा. घरात त्यांनी विणलेली एखादी साडी उरली असेल तर तिचा काठ स्कॅन करा आणि तो दात-दात करत पडद्यावर वाढू द्या. त्याचा ठेका मात्र खऱ्या मागाकडून घ्या. शहरात आणि भंडाऱ्याकडे आजही काही हातमाग सुरू आहेत. तिथे जाऊन जाणत्या विणकराचे हात चित्रित करा आणि मागाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. समजा फणीचा ठोका दर ५० फ्रेमला पडत असेल, म्हणजे मिनिटाला ३० ठोके, तर काठाचा प्रत्येक दात त्याच ठोक्यावर पुढे सरकला पाहिजे. ज्या विणकराचे हात दाखवाल त्यांचे नाव त्यांच्या संमतीने पडद्यावर द्या, आणि छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दुरुस्त केल्याचे शेवटच्या पाटीवर एका ओळीत लिहा.

ध्वनिमुद्रणासाठी पहाटे जा. उन्हाळ्यात दुपारी मागाच्या खोलीत कूलर आणि पंखे सुरू असतात आणि ते बंद करायला सांगणे विणकरावर अन्यायाचे होईल; सकाळी सहाच्या सुमारास मागाखेरीज दुसरा आवाज नसतो.